पिवळं धुकं, थरथरणारी घंटा

धुकं म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे महाबळेश्वर येतं, नाहीतर डिसेंबरातली पहाटेची शेतं. पांढरं, गार, उन्हं वर आली की विरून जाणारं. इंग्रजी रहस्यकथांचे अनुवाद वाचताना 'लंडनवर दाट धुकं पसरलं होतं' हे वाक्य आपण त्याच आठवणीतून वाचतो आणि तिथंच आपली गल्लत होते. त्या गोष्टींतलं धुकं पिवळं असतं, कधी तपकिरी, कधी चक्क काळपट. त्याला वास असतो. ते घशात खवखवतं, कॉलरवर काजळी धरतं आणि त्याच्यामुळे भर दुपारी दिवे लावावे लागतात.

चार्ल्स डिकन्सच्या 'ब्लीक हाउस' (१८५२–५३) या कादंबरीत एस्थर नावाची तरुणी लंडनला येते. रस्ते दाट तपकिरी धुरानं इतके भरलेले की समोरचं धड दिसत नाही. तिला उतरवून घ्यायला आलेल्या कारकुनाला ती विचारते, कुठं मोठी आग लागली आहे का? तो सांगतो, छे, हे तर 'लंडन पर्टिक्युलर'. म्हणजे या शहराची खासियत. नव्या माणसाला जो आगीचा धूर वाटतो, ती तिथल्या लोकांची रोजची हवा आहे. व्हिक्टोरियन भयकथा समजून घ्यायची तर मला या छोट्या संवादापासून सुरुवात करावीशी वाटते.

व्हिक्टोरिया राणीचा काळ १८३७ ते १९०१. या काळातल्या भूतकथा आणि रहस्यकथांबद्दल आपण हमखास म्हणतो, 'वातावरणनिर्मिती काय सुंदर आहे!' जणू कथानक आधी तयार होतं आणि वरून धुकं, वारा, जुना वाडा यांची पेरणी झाली. माझं म्हणणं वेगळं आहे. या कथांपैकी चांगल्या कथा घ्या आणि त्यांची जागा बदलून पाहा. गोष्ट कोसळते. हे वातावरण लेखकांनी कल्पनेतून आणलेलं नव्हतं. कोळसा, गॅस, नोकरांच्या घंटा, घरभाडं, रेल्वेची तार अशा वाचकाच्या हाताशी असलेल्या गोष्टींमधून ते उभं राहिलं होतं. वाचकाला भीती वाटायची ती यामुळेच.

आधी धुक्याचंच बघू. १८०१ साली लंडनची वस्ती साधारण दहा लाख होती, १९०१ साली ती पासष्ट लाखांच्या घरात गेली. घराघरात, खोलीखोलीत कोळशाची शेकोटी. शिवाय कारखाने आणि आगगाड्या. शहर थेम्स नदीच्या सखल खोऱ्यात. हिवाळ्यातल्या शांत रात्री जमिनीलगतची हवा गार पडते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. मग धूर वर जाऊ शकत नाही. हवेतली वाफ काजळीच्या कणांवर धरते, थेंब तयार होतात, त्या थेंबांवर डांबरासारखा तेलकट पापुद्रा चढतो. त्यामुळे ऊन आलं तरी ते चटकन वाळत नाहीत. कोळशातला गंधक जळून झालेला वायू पाण्यात मिसळून आम्ल होतो आणि ते आम्ल माणसं श्वासावाटे आत घेतात. डिसेंबर १८७३ मधल्या धुक्यात लंडनच्या गुरांच्या प्रदर्शनात आणलेली जनावरं गुदमरून मेली. पुढे डिसेंबर १९५२ मध्ये असंच धुकं पाच दिवस बसलं. तेव्हाच्या सरकारी अंदाजानुसारच सुमारे चार हजार माणसं दगावली आणि १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा आला. तेव्हा गोष्टीत धुकं उतरलं की त्या काळच्या वाचकाच्या मनात काव्य जागं होत नसे, छाती आवळल्यासारखी होत असे.

गोष्टीसाठी या धुक्याचा उपयोग काय? ते नजर काढून घेतं आणि कान शिल्लक ठेवतं. पावलं ऐकू येतात, माणूस दिसत नाही. गर्दीच्या शहरात प्रत्येक जण एकटा पडतो. पाठलाग करणारा आणि ज्याचा पाठलाग चालला आहे तो, दोघंही सारखेच आंधळे. रहस्यकथेला यापेक्षा सोयीची अवस्था कुठली मिळणार?

मात्र एक गैरसमज दूर करायला हवा. शेरलॉक होम्स म्हणजे धुकं, हे समीकरण बरंचसं सिनेमांनी घट्ट केलेलं आहे. ऑर्थर कॉनन डॉयलच्या चार कादंबऱ्या आणि छप्पन्न कथांत दाट धुकं मोजक्याच ठिकाणी येतं. पण जिथं येतं तिथं ते काम करतं. 'द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स' ऑगस्ट १९०१ पासून 'स्ट्रँड' मासिकात क्रमशः आली. राणीचं निधन होऊन तेव्हा काही महिने झाले होते, पण गोष्ट तिच्याच काळातली आहे. ती घडते नैऋत्य इंग्लंडमधल्या डार्टमूरवर. हे मैलोन्‌मैल पसरलेलं उजाड माळरान. ग्रॅनाइटचे सुळके, आदिम माणसांच्या दगडी झोपड्यांचे अवशेष, वरून हिरवीगार दिसणारी पण घोडं गिळणारी दलदल आणि मधोमध प्रिन्सटाउनचा खराखुरा तुरुंग. डॉयल स्वतः तिथं राहून हिंडून आला होता.

शेवटच्या प्रसंगात होम्स, त्याचा मित्र वॉटसन आणि पोलीस अधिकारी लेस्ट्रेड अंधारात दबा धरून बसले आहेत. बास्करव्हिल घराण्याचा वारस सर हेन्री, ज्याच्या जिवावर एक कुत्रा सोडला जाणार आहे, एका घरातून निघून माळावरच्या वाटेनं चालत येणार आहे. तेवढ्यात दलदलीवरून धुक्याची भिंत सरकू लागते. इथलं धुकं आपल्या ओळखीचं, पांढरं. ते घराकडे येतं, त्याच्या दोन्ही कोपऱ्यांना वळसा घालतं, खालचा मजला गिळतं. वरचा मजला आणि छप्पर तेवढं जहाजासारखं तरंगताना दिसतं. होम्सचा आख्खा बेत आता एका प्रश्नावर लटकलेला आहे: सर हेन्री आधी येतो की धुकं आधी पोचतं? धुकं इथं घड्याळ झालेलं आहे. ते काढून टाकलं तर उरतो फक्त एक मोठा कुत्रा आणि तीन बंदुका. डॉयलची ही पानं मी कितीदाही वाचू शकतो.

आता घरात येऊ. लंडनच्या पॉल मॉल रस्त्यावर १८०७ साली गॅसच्या दिव्यांचं प्रात्यक्षिक झालं आणि पुढच्या काही दशकांत गॅस रस्त्यांवर, दुकानांत, मग घरांत शिरला. पण बऱ्याच घरांत तो खालच्या मजल्यापुरताच असे. झोपायला वर जाताना हातात मेणबत्ती. म्हणजे रोज रात्री प्रत्येक माणूस दिवाणखान्याच्या उजेडातून निघून, एक ज्योत तळहातानं झाकत, काळोख्या जिन्यानं वर जात होता. ज्योत हलली की कठड्याची सावली हलणार. विजेच्या बल्बखाली सावल्या जागच्या जागी बसतात, ज्योतीभोवती त्या हिंडतात. भूतकथेतला जिना चढण्याचा प्रसंग वाचकानं आदल्या रात्रीच प्रत्यक्ष केलेला असायचा आणि मासिक मिटल्यावर पुन्हा करायचा असायचा.

एक शास्त्रीय गोष्टही इथं सांगण्यासारखी आहे. कोळशापासून काढलेल्या त्या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड असायचा. धूर नीट बाहेर न जाणाऱ्या शेकोटीतूनही तो घरात साठतो. त्याला वास नाही. तो शरीरात भिनला की डोकं जड होतं, छातीवर ओझं बसल्यासारखं वाटतं, भासही होऊ शकतात. १९२१ साली अमेरिकेतले डोळ्यांचे डॉक्टर विल्यम विल्मर यांनी एका कुटुंबाची हकिगत छापली. त्या घरात पावलं वाजत, कुणीतरी असल्याचं जाणवे, झाडं कोमेजत. कारण निघालं बिघडलेली भट्टी. यावरून व्हिक्टोरियन काळातली सगळी भुतं म्हणजे गॅसची गळती, असं मी म्हणणार नाही, ते फारच सोपं उत्तर झालं. पण त्या बंद खोल्यांची हवा कशी होती, याची कल्पना यावरून येते.

घरातली दुसरी गोष्ट म्हणजे नोकरमाणसं. १८५१ च्या खानेसुमारीत ब्रिटनमध्ये घरकाम करणाऱ्यांची संख्या दहा लाखांच्या आसपास होती. मोठ्या घरांत त्यांचे जिने वेगळे, दारं वेगळी. मालकाच्या नजरेला न पडता घरभर वावरणं हा त्यांच्या कामाचाच भाग होता. म्हणजे भिंतीपलीकडे सतत कुणीतरी चालत असे आणि ते कोण हे पाहायचं नसे. या घरात भूत आलं तर त्याला नवं काही करावं लागत नाही.

त्यांना बोलवायची सोय म्हणजे घंटा. खोलीत दोरी ओढायची, भिंतीतून गेलेली तार खाली ताणली जायची आणि स्वयंपाकघराबाहेर ओळीनं टांगलेल्या घंटांपैकी एक वाजायची. घंटा वळलेल्या स्प्रिंगवर बसवलेली असे. आवाज थांबला तरी ती काही वेळ थरथरत राहायची. धावत आलेल्या मोलकरणीला कुठल्या खोलीतून बोलावणं आलं हे त्या थरथरीवरून कळावं, एवढाच हेतू. आता विचार करा, जिथं कुणीच राहत नाही त्या खोलीची घंटा थरथरताना दिसली तर?

डिकन्सनं १८४३ मध्येच हे केलं. 'अ ख्रिसमस कॅरोल'मध्ये कंजूष स्क्रूज रात्री एकटाच शेकोटीपुढे बसला आहे. त्या दिवशी दुपारी शहराच्या घड्याळांत नुकते तीन वाजले होते तरी अंधार पडला होता, धुकं किल्लीच्या भोकांतून आत येत होतं. आता त्याची नजर सहज एका घंटेवर जाते. ती कधीचीच वापरात नाही. सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या कुठल्याशा खोलीशी ती जोडलेली आहे, कशासाठी ते कुणाला आठवत नाही. ती हलू लागते. आधी इतकी हळू की आवाज जेमतेम. मग मोठ्यानं वाजते, मग घरातली प्रत्येक घंटा वाजते. मग सगळ्या एकदम थांबतात आणि खाली तळघरात साखळदंड ओढल्याचा आवाज येतो. भूत अजून खोलीत आलेलंही नाही. फक्त घरातल्या बोलावण्याच्या यंत्रणेची दिशा उलटी झाली आहे. इतकी वर्षं मालक नोकरांना बोलवत होता, आता त्याला स्वतःला बोलावणं आलं आहे.

तीनला अंधार, हे धुक्यामुळे असलं तरी त्यात अतिशयोक्ती फारशी नाही. डिसेंबरात लंडनचा दिवस आठ तासांचाही नसतो, चारच्या आत सूर्य मावळतो. आपल्या मुंबई-पुण्यात वर्षातला सगळ्यात लहान दिवसही अकरा तासांच्या आसपास भरतो. ख्रिसमस आणि भूतकथा यांची जोडी आपल्याला विचित्र वाटते ती म्हणूनच. तिथं ते सोळा तासांच्या रात्रीचं साहित्य होतं. त्यात वर्तमानपत्रांवरचा कर १८५५ मध्ये गेला, कागदावरचा १८६१ मध्ये, मासिकं स्वस्त झाली. आपल्या दिवाळी अंकांसारखे त्यांचे ख्रिसमस अंक निघू लागले आणि त्यांना दरवर्षी भूतकथा लागू लागल्या.

या अंकांत लिहिणाऱ्यांत बायका खूप होत्या, आणि त्यांच्या झपाटलेल्या घरांकडे जरा वेगळं लक्ष द्यावं लागतं. एलिझाबेथ गॅस्केल, अमेलिया एडवर्ड्‌स, शार्लट रिडेल, ईडिथ नेस्बिट. रिडेलबाईंनी व्यापारउदिमावर कादंबऱ्या लिहिल्या होत्या, पैशाचे व्यवहार त्यांना पक्के ठाऊक होते. त्यांच्या भूतकथांत घर रिकामं का, भाडं इतकं कमी का, भाडेकरू करार मोडून का पळाले, नुकसान कुणी भरायचं, हे प्रश्न भुताइतकेच महत्त्वाचे असतात. 'द अनइनहॅबिटेड हाउस' (१८७५) हे नावच पाहा: कुणी राहत नसलेलं घर. इंग्लंडमध्ये विवाहित स्त्रीला स्वतःच्या मालमत्तेवर पूर्ण हक्क देणारा कायदा आला १८८२ मध्ये. तोवर लग्न झालं की तिचं जे होतं त्यातलं बरंचसं कायद्यानं नवऱ्याचं. अशा बाईनं 'या घरात मी सुरक्षित नाही' असं लिहिलं, तर ते फक्त भुताबद्दल होतं असं समजून पुढे जाणं मला पटत नाही.

विल्की कॉलिन्सनं तीच भीती रहस्यकथेत आणली. 'द वूमन इन व्हाइट' (१८५९–६०) मधली ती प्रसिद्ध भेट आठवा. मध्यरात्र, चांदणं, हॅम्पस्टेडकडून लंडनला जाणारा मोकळा रस्ता. ना वाडा, ना वादळ. चालणाऱ्या माणसाच्या खांद्यावर मागून हात पडतो. वळून पाहतो तर डोक्यापासून पायांपर्यंत पांढऱ्या कपड्यांतली बाई. आपल्याला क्षणभर भूतच वाटतं. पण ती वेड्यांच्या खासगी इस्पितळातून सुटून आलेली जिवंत बाई आहे आणि पुढे कळतं की या देशात शहाण्या बाईला तिथं कोंडणं किती सोपं आहे. तेव्हा अंगावर येणारा काटा पहिल्यापेक्षा मोठा असतो.

कॉलिन्सच्याच 'द मूनस्टोन'चा (१८६८) आपल्याशी थेट संबंध आहे. कथेतला पिवळा हिरा मूळ सोमनाथच्या देवळातल्या चंद्रदेवाच्या मूर्तीचा, १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या लढाईत एका इंग्रज अधिकाऱ्यानं लुटलेला. तो यॉर्कशरच्या एका शांत घरात येतो. घराजवळच्या किनाऱ्यावर कॉलिन्सनं रुतवणारी वाळू ठेवली आहे. भरती-ओहोटी पालटताना तिचा पृष्ठभाग कापू लागतो. तिच्यात लपवलेलं गिळलं जातं, पण कायमचं नाही. लुटीचा माल पचत नाही, हे कादंबरीत कुणी भाषण देऊन सांगत नाही, ती वाळू सांगते.

आणि आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. डिकन्सची 'द सिग्नल-मॅन', १८६६ च्या ख्रिसमस अंकातली. जेमतेम पंधरा-वीस पानं. वातावरण म्हणजे काय, हे कुणी विचारलं की मी हीच पुढे करतो.

तिच्यामागे दोन खरे अपघात आहेत. ऑगस्ट १८६१ मध्ये ब्रायटनजवळच्या क्लेटन बोगद्यात एका गाडीवर मागून दुसरी आदळली, २३ माणसं गेली. बोगद्याच्या दोन टोकांना दोन सिग्नलमन, म्हणजे गाड्यांना इशारा देणारे कामगार, मध्ये निरोपासाठी फक्त तारयंत्र. 'बोगदा मोकळा आहे का?' 'मोकळा आहे.' उत्तर देणारा पहिल्या गाडीबद्दल बोलत होता, विचारणारा दुसरीबद्दल. दुसरी अजून आतच होती आणि मागे येत होती. 'मोकळा' ऐकून सोडलेली तिसरी गाडी तिच्यावर आदळली. विचारणारा सिग्नलमन आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुटी मिळावी म्हणून सलग चोवीस तासांच्या पाळीवर होता. दुसरा अपघात डिकन्सनं स्वतः भोगला. ९ जून १८६५ रोजी केंटमधल्या स्टेपलहर्स्टला दुरुस्तीसाठी पुलावरचे रूळ काढले होते. मुकादमानं वेळापत्रक चुकीचं वाचलं. डबे खाली कोसळले, दहा जण मेले. डिकन्सचा डबा लटकत राहिला. तो जखमींना टोपीतून पाणी देत फिरला. त्यानंतर गाडीत बसलं की त्याला धडकी भरे. बरोबर पाच वर्षांनी, त्याच तारखेला तो वारला.

गोष्ट सुरू होते ती एका हाकेनं. एक प्रवासी डोंगर कापून केलेल्या खोल खिंडीच्या काठावर उभा आहे. तळाशी रेल्वेमार्ग, बोगद्याचं तोंड, लाल दिवा आणि चौकीबाहेर एक माणूस. प्रवासी वरून हाक मारतो, 'अहो, खाली!' आता कुणीही वर पाहील. हा माणूस वर पाहत नाही. वळून बोगद्याकडे पाहतो. एवढ्या एका हालचालीत डिकन्सनं गोष्ट पेरली आहे. का वळला, हे कळायला आपल्याला ती खिंड उतरावी लागते.

उतरताना दगड ओलसर होत जातो, पाणी झिरपतं. तळाशी ऊन इतकं कमी पोचतं की मातीचा, थडग्यासारखा वास. वर आकाशाची एक पट्टी. चौकीत शेकोटी, नोंदवही, तारेचं सुया फिरणारं यंत्र आणि एक लहानशी घंटा. माणूस शिकलेला, कामाला चोख. त्यानं जे पाहिलं ते असं: लाल दिव्याजवळ एक आकृती, एका हातानं चेहरा झाकून दुसरा हात जिवाच्या आकांतानं हलवणारी. ती दिसली आणि सहा तासांत मार्गावर भीषण अपघात झाला. काही महिन्यांनी पुन्हा दिसली आणि जाणाऱ्या गाडीतच एक तरुणी मरण पावली. आता ती तिसऱ्यांदा आली आहे. आणि घंटा वाजते. प्रवासी समोर बसलेला असताना ती वाजते, असं सिग्नलमन म्हणतो. प्रवाशाला ती स्वस्थ दिसते.

भूत सोडून द्या आणि नुसती त्याची नोकरी पाहा. कुठंतरी, काहीतरी धोका आहे, हे याला माहीत आहे. हातात तार आहे. पण 'धोका, सावध राहा' असं पाठवलं तर उत्तर येईल: 'कसला धोका? कुठं?' त्याच्याकडे उत्तर नाही. पुन्हा पाठवलं तर वेडा म्हणून काढून टाकतील. शेकडो जीव त्याच्या भरवशावर धावत आहेत आणि त्याला मिळणारा प्रत्येक निरोप बिनचेहऱ्याचा आहे, तारेचाही आणि त्या आकृतीचाही. क्लेटनच्या बोगद्यात नेमकं हेच घडलं होतं. निरोप पोचला होता, अर्थ पोचला नव्हता. ही गोष्ट एखाद्या पडक्या किल्ल्यात हलवता येत नाही. तिला ती खिंड, तो बोगदा आणि ती तार यांचीच गरज आहे.

शेवटचं पान मी सांगणार नाही. वाचायला बसाल तेव्हा सुरुवातीची प्रवाशाची हाक मनात ठेवा, आणि कोणते शब्द कोण मोठ्यानं बोललं आणि कोणते कुणाच्या फक्त मनात होते, याचा नीट हिशेब ठेवत जा.